बॉनेटवरचा हात

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. माझी जुनी गाडी चढावर दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा पेटीतला बर्फ वितळून नमुने वाया गेले. प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." आवाजात रागसुद्धा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

चढाला दम धरणारी छोटी डिझेल एसयूव्ही हवी होती. माझं मत होतं, भाडेकराराने घ्यावी. तीन वर्षं वापरायची, बिघडली तर कंपनी निस्तरेल. पण दादाने ते उडवून लावलं.

"भाड्याची गाडी म्हणजे लोकांचं लेकरू. कितीही न्हाऊमाखू घाल, शेवटी जाणार त्याच्याच घरी. विकतच घे. माझ्या ओळखीच्या डीलरकडे एक आहे. मी स्वतः तपासलीय."

दादा माझा थोरला भाऊ, डिझेल मेकॅनिक. त्याला विचारल्याशिवाय आमच्या घरात कुणी सायकलसुद्धा घेत नाही. मी लहान असताना तो मला गॅरेजातल्या स्टुलावर बसवून शिकवायचा. बाकीच्या मुली पाढे म्हणायच्या, मी हे म्हणायचे: डिझेल गाडी थंड असतानाच बघावी. झिजलेलं इंजिन गारठ्यात कुरकुरतं, धूर ओकतं. एकदा तापलं की तेच गुणी बाळ होतं. म्हणून किल्ली लावायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. "आणि गरम लागलं ना चिमणे," तो म्हणायचा, "तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय असं समज. कुणाशी बोलत बसू नको. सरळ माझ्याकडे ये."

सकाळी सातला आम्ही डीलरच्या आवारात पोचलो. गाडी राखाडी, नीटनेटकी, टायर नवेकोरे. खोटं कशाला बोलू, बघताक्षणी आवडली.

"कालपासून कुणी किल्लीसुद्धा लावलेली नाही," डीलर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रांगेतल्या सगळ्या गाड्यांवर दव होतं. हिच्या टपावरही होतं. बॉनेट मात्र कोरडं ठणठणीत. मी पुढे झाले तसा दादा किल्ली घेऊन मध्ये आला.

"मी बघितलंय. थंड आहे. तू बस आत."

मी बसले नाही. त्याच्या बाजूने हात घालून बॉनेटवर टेकवला. चांगलंच गरम होतं. मला वाटलं, डीलरने दादालाही फसवलं. मला दादाचीच कीव आली, इतकी मी वेडी.

"दादा, तू हात ठेव."

त्याने तळवा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "थंडच आहे."

डीलर लगबगीने कचेरीत फोन घ्यायला गेला. फोन वाजलेला नव्हता.

"हा सगळी कामं तुझ्याकडे पाठवतो ना?" मी विचारलं.

"निम्मं गॅरेज त्याच्यावर चालतं. ही गाडी त्याच्या गळ्यात पडलीय. मला म्हणाला, तू खपव."

"म्हणून भाडेकरार नको होता. मला भाड्याने द्यायच्या आधी कंपनीने स्वतःचा माणूस पाठवून ही तपासली असती."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वर्षभर काही होणार नाही गं. पुढे मी आहेच की दुरुस्तीला. तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही."

"आणि चढावर बसली तर? पेटीत नमुने असताना?"

याचा विचार त्याने केला होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. विचार करूनच त्याने मला इथे आणलं होतं. परक्याने असा केसाने गळा कापला असता तर मी आवार डोक्यावर घेतलं असतं. पण हा दादा होता.

मी पर्स उचलली आणि चालू लागले. "चिमणे, ऐक तरी," तो मागून म्हणाला. त्याचा हात अजून बॉनेटवरच होता.

फाटकाबाहेर आले आणि थांबले. गरम लागलं तर सरळ माझ्याकडे ये, असं त्याने शिकवलं होतं. रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभी होते. आता कुणाकडे जायचं, ते सुचेना.