वनमालाची बटणं

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ पडून राहणं मला आजही जमत नाही. माळ्यावर आहे, तरी खाली कोणी टाइप करायला लागलं की माझा जीव वरखाली होतो. जरा नीट पाहा माझ्याकडे. डावीकडची अक्षरं अजून ठसठशीत आहेत, उजवीकडची पार झिजून गेली आहेत. असं का झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

परदेशी माल आपल्याकडे सहज मिळू लागला, त्या काळात मी बीडला आलो. संगमेश्वर नावाच्या इंजिनिअरांनी घरांचे नकाशे काढायला कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर नकाशे काढायची वनमाला. ती शिरूर कासारहून एसटीने यायची आणि पदर खोचून कामाला बसायची.

वनमाला डावखुरी होती. माऊस तिच्या डाव्या हातात, म्हणून माझ्यावर तिचा उजवा हात. नकाशाच्या सॉफ्टवेअरला सोयीची बटणं ठरवून देता येतात. तिने सगळी माझ्या उजव्या बाजूला घेतली. O दाबला की वर्तुळ, K दाबला की खोडणं, J दाबला की नक्कल. मान वर न करता भराभर काम चालायचं. मला तिचा हात लई आवडायचा. हो, ‘लई’च म्हणतो. बीडला राहून दुसरं काय म्हणणार?

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि आमच्या ऑफिसात हत्यार म्हणजे आम्हीच. साहेबांच्या आई नीलाबाई विभूतीची वाटी घेऊन आल्या. माझ्या लांब बटणावर त्यांनी तीन पट्टे ओढले. वनमालानेही वाटीकडे हात नेला, तर त्यांनी वाटी मागे घेतली.

“डाव्या हातानं न्हाई गं, पोरी. देवाचं हाय.”

वनमालाने हात मागे घेतला. मग ती घरी गेली.

दसरा झाला आणि कामाला सुरुवात होताच घोटाळा झाला. वनमालाने O दाबला, तर वर्तुळाऐवजी रेघेशेजारी दुसरी रेघ निघायला लागली. K दाबला, तर पडद्यावर उत्तर आलं की असा हुकूम माहीत नाही. मग काय, सगळे माझ्यावर! मला उलटा केला, आपटला, फुंकला. माझ्या पोटातून विभूती भुरभुरली. ती पाहून नीलाबाई रडकुंडीला आल्या.

“माझ्याच विभूतीनं बिघडला ह्यो. कशाला लावली मी!”

तलवाड्याच्या शाळेचा नकाशा त्याच दिवशी द्यायचा होता. साहेब येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, “वनमाला, आता सगळ्यांसारखं उजव्या हातानं काम कर. जमत नसंल तर मला औरंगाबादहून माणूस आणावा लागंल.”

त्यांनी माऊस उचलून उजवीकडे ठेवला. वनमालाने धरला, पण रेघ भलतीकडेच जायची. मी ओरडून सांगणार होतो की मी ठणठणीत आहे! पण मला तोंड कुठे आहे? चरफडत बसलो.

तिने माऊस सोडला. पत्र टाइप करायची कोरी खिडकी उघडली आणि माझी सगळी बटणं ओळीने दाबली. दाबावं ते अक्षर बरोबर उमटलं.

“सर, कीबोर्ड चांगला हाय. आईंच्या विभूतीनं काय बी झालं न्हाई.”

मग तिने सॉफ्टवेअरची ती फाइल उघडली, जिच्यात कोणत्या बटणाला कोणतं काम ते लिहिलेलं असतं. तिने लिहिलेल्या ओळी तिथे नव्हत्याच.

“नवमीला कॉम्प्युटरमधलं काय काढलं का, सर?”

“साफसफाई केली की! एकाच नावाच्या दोन फाइली व्हत्या. जुनी ठेवली, दुसरी काढली. कचरा बी रिकामा केला. सणाला घाण कशाला ठेवायची?”

ती दुसरी फाइल वनमालाची होती. तिने डोळे मिटून बोटांना विचारल्यासारखं एकेक बटण आठवलं आणि सगळं पुन्हा लिहिलं. O दाबला. पुन्हा शेजारी रेघच! साहेबांनी फोन उचलला, औरंगाबादचा नंबर फिरवायला लागले.

“थांबा, सर. ही फाइल सॉफ्टवेअर सुरू होताना एकदाच वाचतं. बंद करून चालू करू द्या.”

तिने माऊस डावीकडे घेतला. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. O दाबला आणि पडद्यावर गोल वर्तुळ उमटलं. साहेबांनी फोन खाली ठेवला. तलवाड्याचा नकाशा संध्याकाळी गेला.

पुढच्या खंडेनवमीला नीलाबाई वाटी घेऊन आल्या. मला त्यांनी हातही लावला नाही. वाटी वनमालापुढे धरली. तिने गेल्या वर्षीचं आठवून उजवा हात पुढे केला.

“त्यो न्हाई,” नीलाबाई म्हणाल्या. “काम कंच्या हातानं करतीस? त्याच हातानं लाव.”

मित्रांनो, पुढे नवा कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेलो. तुमचं एखादं यंत्र अडलं तर आधी त्याला आपटू नका. काल कोणी काय बदललं, ते विचारा. आणि कोणाचा हात वेगळा चालत असेल, तर त्याच्या बाजूची बटणं तेवढी राहू द्या. मला कधी पुसायला काढलंत, तर लांब बटणावरचे तीन पट्टे मात्र पुसू नका. ते जरा वाकडे आहेत, कारण ओढताना वनमाला रडत होती.