फूल

"अगं जाई, फूल! फूल दे लवकर!"

"हू यू कॉलिंग फूल, मॅन?"

कॅनडात एटोबिकोच्या कम्युनिटी सेंटरमध्ये कोर्ट पुसणारे डेस्मंड मॉपला टेकून उभे होते. विश्वनाथ पानसे ओशाळले. पुण्यात शटलला फूल म्हणतात, फूल म्हणजे फ्लॉवर, असा खुलासा त्यांनी केला. मुळात बॅडमिंटन हा खेळच पुण्याचा, हेही सांगून टाकलं. ते कुणी विचारलं नव्हतं. पण पुणेकराला विचारावं लागत नाही.

"बाबा, प्लीज स्टॉप," जाई म्हणाली.

"फ्लॉवर!" डेस्मंड हसले. "एकोणीस वर्षं मी माझ्या देशाचा चॅम्पियन होतो. हे कुणी सांगितलं नाही."

त्यांनी कॅरिबियनमधल्या एका बेटाचं नाव घेतलं. ते नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे विश्वनाथांनी जाणकारासारखी मान डोलावली.

"तिकडे कोर्टं किती?"

"चार. एक गळकं."

"आणि कॅनडात कसे?"

"स्पर्धेला आलो. पहिल्याच फेरीत हरलो, अठरा मिनिटांत." संघ परत गेला. पुढच्या स्पर्धेला सोपं पडेल म्हणून डेस्मंड इथेच थांबले. त्याला सव्वीस वर्षं झाली.

"मग आता खेळत का नाही?"

"मंगळवारी गुडघा बदलतायत. डॉक्टर म्हणतो, यापुढे कोर्ट फक्त पुसायचं." त्यांनी मॉप भिंतीला लावला. "शेवटचा एक गेम देतोस? पण खरा हं."

चॅम्पियन की थापाड्या, हे विश्वनाथांनाही बघायचंच होतं. जाईने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. डेस्मंड जागचे फारसे हलत नव्हते. नुसतं मनगट फिरवत होते आणि विश्वनाथ कोर्टभर धावत होते. अठरा-अठरावर मात्र डेस्मंडचा पाय लंगडायला लागला. विश्वनाथांना दया आली. त्यांनी एक फूल उंच, अलगद, थेट डेस्मंडच्या हातात जाईल असं टोलवलं.

डेस्मंडने ते खरंच हातात झेललं.

"हे पेशंटसाठी होतं. पॉइंट धरायचा नाही. परत खेळ."

विश्वनाथांनी खाली मान घातली आणि मग सगळा जीव लावून खेळले. एकवीस-एकोणीस. जिंकले.

डेस्मंड गुडघा धरून बाकावर बसले. "मिनिटं किती झाली गं?"

"ट्वेंटी-थ्री," जाई म्हणाली.

"पाच मिनिटांची सुधारणा," ते म्हणाले आणि मॉपकडे हात केला.

विश्वनाथ मॉप घेऊन धावले आणि स्वतःच पुसायला लागले. डेस्मंडने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. आपली बाजू पुसली, मग त्यांची. नेटखाली पडलेलं तुटक्या पिसांचं फूल उचललं आणि गणवेशाच्या खिशात ठेवलं, पिसं वर करून.