नसलेला शब्द

लेखिकेने सही करून पुस्तक पुढे सरकवलं. समोरच्या माणसाने आभार मानले नाहीत. तो काहीतरी बोलला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

तिला एक अक्षर कळलं नाही.

"माफ करा, काय म्हणालात?"

"तुमचीच भाषा, बाई. उच्चार चुकला का?"

त्या दुपारी पुस्तकांच्या दुकानात तिने श्रोत्यांना खळखळून हसवलं होतं. तिच्या अद्भुत कादंबऱ्यांतल्या प्राचीन राज्याची भाषा तिनेच रचलेली. जुन्या, मेलेल्या भाषांची हाडं उकरून सांगाडा उभा केलाय, असं ती सांगायची. "पूर्वीच्या माणसांकडे नुसत्या रुसण्याला सात शब्द होते. आपण एक अंगठा पाठवतो आणि मोकळे होतो!" टाळ्या पडल्या होत्या. "आणि मेलेल्या भाषेचं एक बरं असतं, ती उलटून बोलत नाही." पुन्हा टाळ्या.

आता लोक पांगले होते. मालकीणबाई आतल्या खोलीत खुर्च्या रचत होत्या.

माणसाने मागे वळून हाक मारली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि हातवारे करत भराभर बोलू लागली, वाटेत पाहिलेलं काही सांगावं तशी. मधला एखादा शब्द लेखिकेला ओळखीचा वाटला. तो तिने भाजी चिरता चिरता, स्वतःशीच हसत बनवला होता.

"छान पाठ करून घेतलंत," ती म्हणाली.

"पाठ कसलं? तिला दुसरी भाषाच येत नाही."

लेखिका हसली. तो हसत नव्हता.

"आणि शाळा?"

"नाही घातली."

"शेजारीपाजारी, नातेवाईक... कुणाशी तरी बोलत असेल?"

"मी आहे ना."

"तिची आई?"

त्याने मुलीच्या केसांतली निसटलेली पिन नीट लावली. "ही तान्ही होती तेव्हा गेली. शेवटी शेवटी एकच बोलायची, भीती वाटते. पाणी हवं का विचारलं तरी तेच. मग तुमचं पुस्तक हाती लागलं. तुम्ही लिहिलंय, त्या राज्यात भीतीला शब्दच नाही, म्हणून तिथे कुणी भीत नाही."

लिहिलं होतं खरं. गंमत म्हणून.

"फक्त आता शब्द पुरत नाहीत. पोरगी मोठी होतेय. पुढचे द्या." खुर्ची ओढून तो बसला. "तुमच्याशिवाय कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

तेवढ्यात शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. मुलीने टेबलाची कड घट्ट धरली. ती लटलट कापत होती.

"ओरुम," ती पुटपुटली. "ओरुम, ओरुम."

हा शब्द मात्र लेखिकेला पाठ होता. ओरुम म्हणजे थंडी.

बाहेर ऊन रणरणत होतं.

"थंडी वाजतेय तिला," बापाने पिशवीतून स्वेटर काढून तिच्या अंगात घातला. "हल्ली फार वाजते. डॉक्टर झाले, औषधं झाली. कुणाला निदानच जमत नाही."

मालकीणबाईंना हाक मारावी, असं लेखिकेला वाटलं; पण तिने मारली नाही. ती टेबलाला वळसा घालून आली आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. तिचा गार पडलेला तळहात उचलून तिने स्वतःच्या छातीवर ठेवला. आत नुसती धडधड चालली होती.

"भीती," ती म्हणाली.

खुर्ची मागे कोसळली. "बाई, नको! तो शब्द नको. पाया पडतो तुमच्या."

"भीती," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज चिरकला.

मुलगी निश्चल उभी राहून हाताखालचे ठोके ऐकत होती. मग तिने हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती वळली, बापाकडे गेली आणि टाचा उंचावून तिने तळहात त्याच्या शर्टावर टेकवला. बराच वेळ तिने हात काढला नाही.

"भीती?" तिने त्याला विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं, लेखिकेकडे पाहिलं. मग खाली, तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला. "हो, बाळा."