लाल रेघेखालच्या नोंदी

काचघराच्या दारामागे खिळ्याला एक जाड वही टांगलेली असे. सकाळी जो पहिला येईल त्याने तीत वेळ लिहायची, आतलं तापमान लिहायचं आणि काही वेगळं दिसलं तर तेही लिहायचं, हा नियम बाईंनीच घालून दिला होता. दुसरा नियमही त्यांचाच. वहीतलं काही गिरगटून टाकायचं नाही. चूक वाटली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. ‘आज जे चूक वाटतं ते उद्या बरोबर निघू शकतं,’ हे बाई प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. हे वाक्य एक दिवस आपल्याच घशात अडकेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाई शेती संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ, त्यांचं काम भातावर. उन्हाळे तापत चालले तसा या पिकाचा एक नाजूकपणा उघडा पडला होता. भाताचं फूल उघडतं ते जेमतेम तासभर, बहुतेक जातींत सकाळी दहा-अकराच्या सुमाराला. नेमक्या त्या तासात हवा फार तापलेली असली, तर परागकण वांझ होतात. रोप हिरवंगार दिसतं, लोंबी ऐटीत उभी राहते, आणि दाणा चिमटीत दाबला की आत नुसती हवा. उकाड्यातही भरणारा वाण शोधायला बाईंनी ऐंशी वाण कुंड्यांत लावले. फुलोऱ्याच्या दिवसांत त्या कुंड्या रोज नऊ ते तीन गरम खोलीत ठेवल्या, अडतीस अंशांवर. एकोणऐंशी वाणांचे दाणे पोचट निघाले. एकेचाळीस नंबर मात्र टच्च भरला. बाईंनी अहवालात लिहिलं की या वाणाचे परागकण उष्णता सोसतात. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, पाठ थोपटली आणि बियाणं दूरच्या तापट पठारावरच्या केंद्राकडे चाचणीला गेलं.

त्या सोमवारी तिथून निकाल आला. एकेचाळीस नंबरच्या लोंब्या रिकाम्या. बाकीच्या वाणांइतक्याच रिकाम्या.

"बाई, काय झालं असेल?" साहेबांनी फोनवर विचारलं. आवाज चढवला नव्हता, ते जास्त लागलं. "बुधवारी सगळे विभागप्रमुख बसतोय. तेवढं कारण घेऊन या."

बाईंनी थर्मामीटर तपासले, गरम खोलीचे आलेख तपासले, बियाण्याच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा तपासल्या. सगळं जागच्या जागी. शेवटी त्यांनी खिळ्यावरची वही काढली आणि फुलोऱ्याचा महिना उघडला.

‘४१ उघडलं, सहा वीस.’ त्यावर लाल रेघ. शेजारी त्यांचीच सही.

पान उलटलं. ‘४१ उघडलं, सहा पंचवीस. आठला मिटलं.’ लाल रेघ, सही. त्याच्या पुढच्या पानावरही तेच. एकूण नऊ नोंदी, नऊ रेघा. नवव्या रेघेखाली बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘अनावश्यक नोंदी करू नयेत.’

अक्षर मावशींचं होतं. मावशी म्हणजे काचघरात वाणांचा संकर करणाऱ्या कामगार. भाताच्या फुलाचं टोक कात्रीने छाटायचं आणि आतले सहा परागकोश एकेक करून चिमट्याने उचलायचे, तेही फूल उमलण्याआधी, म्हणून त्या सहाच्या ठोक्याला हजर. वीस वर्षांत त्यांच्या चिमट्याखाली एक फूल फाटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जीभही चिमट्यासारखीच.

बाईंना तो दिवस लख्ख आठवला. कुंड्यांभोवती चार-पाच विद्यार्थिनी उभ्या होत्या आणि मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, हे एकेचाळीस माझ्याबरोबरच उठतं बघा. तुम्ही येता तोवर त्याचं सगळं उरकून झालेलं असतं."

"मावशी, भाताची फुलं दहाला उघडतात. पुस्तकात आहे."

"आता पुस्तक काही सहाला येत नाही ना इथं."

पोरी फिस्सकन हसल्या. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्ही चिमटा सांभाळा," त्या म्हणाल्या. "निरीक्षण माझं काम आहे." आणि सगळ्यांदेखत लाल पेन काढून त्यांनी नऊच्या नऊ नोंदींवर रेघा ओढल्या. एवढ्यावर राग शमला असता तरी निभावलं असतं. संध्याकाळी त्यांनी साहेबांना चिठ्ठी पाठवली, ‘नेमून दिलेलं काम सोडून इतरत्र लक्ष घालतात, निंदणीवर पाठवावं.’ दुसऱ्या दिवसापासून मावशी उन्हात, गुडघे धरत, बांधाकडेची तणं उपटू लागल्या.

मंगळवारी बाई साडेपाचला घरातून निघाल्या तेव्हा नवरा उशीतूनच म्हणाला, "इतक्या लवकर? रोपं काय पळून चालली आहेत का?"

"एकाने तसंच केलंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेची रोपं काचघरात नुकती फुलोऱ्यावर आली होती. बाहेर गारवा होता, काचांवर बाष्प धरलं होतं. एकोणऐंशी वाणांच्या लोंब्या मिटून गप्प होत्या. एकेचाळीसच्या फुलांची तुसं उघडलेली, आणि प्रत्येकातून बारीक पिवळे परागकोश बाहेर लोंबत होते. घड्याळात सहा बावीस. आठला तुसं मिटली. नऊला कुंडी गरम खोलीत गेली तेव्हा आत गर्भ धरून झाला होता, आणि उष्णता तिथे नुसती भिंतीशी बोलत होती. बाईंनी एक न उघडलेली लोंबी मुद्दाम तापवली, परागकण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. निम्म्याहून अधिक फिके, पोकळ. एकेचाळीस नंबर उष्णता सोसत नव्हता. तो उष्णतेची वेळ चुकवत होता. पठारावर त्या हंगामात रात्रही निवत नाही, सकाळी सहालाच पारा पस्तिशी ओलांडतो. तिथे चुकवायला वेळ उरलीच नव्हती.

म्हणजे कारण सापडलं होतं. मान खाली घालून सांगायचं एवढंच उरलं होतं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीला बुधवारी बाईंचं धैर्य पुरलं नाही.

बैठकीत त्यांनी आलेख दाखवले. पहाट थंड असते अशा भागांना हा वाण फार उपयोगी ठरेल, फक्त पठाराला नको, हे त्यांनी नीट मांडलं. ते खरंच होतं. मग साहेबांनी विचारलं, "पण हे ध्यानात कसं आलं तुमच्या?"

"मी पहाटे येऊन पाहिलं," बाई म्हणाल्या.

हेही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं.

"याला म्हणतात शास्त्रज्ञ!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. त्याच वेळी दार ढकलून मावशी आत आल्या. दाखवायची कुंडी कुणीतरी आणायची होती, शिपाई रजेवर होता, म्हणून निंदणीवरून त्यांना बोलावलं होतं. हाताला माती, कपाळाला घाम. त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली, लोंबी सगळ्यांना दिसेल अशी वळवली, आणि बाईंकडे पाहिलं. रागाने नव्हे. फाटलेल्या फुलाकडे माणूस पाहतो तसं. मग दार हळूच लावून गेल्या.

लोक टाळ्या वाजवत होते. बाईंना आपले हात कुठे ठेवावे ते कळेना.

दुपारी त्या बांधावर गेल्या. मावशी उकिडव्या बसून तण उपटत होत्या.

"मावशी..."

"सावलीत उभ्या राहा. तुम्हाला सवय नाही."

"तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

"बरं."

"आणि आज तुमचं नाव घेतलं नाही."

"ते ऐकलं मी. दार काय पोलादाचं नाही." मावशींनी मुळासकट एक गवत उपटून माती झटकली. "नावाचं काय घेऊन बसलात? मला इथं बसवलंत ते कशासाठी, ते सांगा. माझा हात चुकला होता का?"

"नाही."

"मग?"

बाईंच्या ओठांवर दहा उत्तरं आली: शिस्त, कामाची वाटणी, पद्धत. एकही खरं नव्हतं. "मुली हसल्या," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यावर. मला झोंबलं."

मावशींनी हातातलं तण बांधावर टाकलं. "एवढंसं?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी मोठं असेल." आणि पुढच्या सरीकडे सरकल्या.

मोठं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना परतताना वाटलं. मोठ्या चुकीला निदान काही रूप असतं. ही इवलीशी, उघडीवाघडी, कुठे लपवावी तेच कळत नव्हतं.

गुरुवारी त्या वही काखेत मारून साहेबांकडे गेल्या. "कालचे चौघे विभागप्रमुख पुन्हा बसतील का? पाच मिनिटं."

"आता काय राहिलं?"

"कालचं."

चौघे बसले. बाईंनी वही उघडून पहिल्याच्या हातात दिली आणि ती हातोहात फिरू दिली. मग त्यांनी चिठ्ठीचंही सांगितलं.

"अहो बाई," साहेब खुर्चीत चुळबुळले, "हे कुणी विचारलं होतं का? झालं गेलं, वाण तर सापडला. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा..."

"तुम्ही विचारलं होतंत. ध्यानात कसं आलं म्हणून." बाई म्हणाल्या. "ते मावशींच्या ध्यानात आलं. नऊ दिवस सलग. मी त्यावर रेघा मारल्या. ते ऐकलं असतं तर पठारावरचा हंगाम फुकट गेला नसता. अहवालात तसं लिहिते. आणि त्यांना काचघरात परत घ्या."

"लिहिलंत तर चूक तुमच्या नावावर राहील."

"राहिलेलीच आहे. सहीनिशी."

सोमवारी मावशी परत आल्या, सहाच्या ठोक्याला. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. टेबलावर वही उघडी होती. नऊही लाल रेघांखाली निळ्या शाईत तीच एक ओळ होती, ‘नोंद बरोबर. चूक माझी,’ तारीख आणि सही. मावशींनी चष्मा चढवला आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली. घाई केली नाही. बाई समोर उभ्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या.

"नऊच आहेत," मावशी म्हणाल्या.

"नऊच होत्या ना?"

"तुम्ही रेघा मारल्यात तो दिवस दहावा. त्या सकाळीही उघडलं होतं ते. लिहायचं राहिलं होतं, चिमट्याचं काम होतं हातात. म्हटलं नंतर लिहीन. मग तुम्ही ओरडलात, नि मी लिहिलंच नाही."

"किती वाजता उघडलं होतं?"

"आता कसं आठवणार?"

बाईंनी पेन उचललं. त्या तारखेखाली एक ओळ रिकामी होती. अंदाजाने सहा वीस लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी ते लिहिलं नाही. ‘नोंद नाही. कारण मी,’ एवढंच लिहिलं, आणि सही केली.

मावशींनी वाचून मान हलवली, चष्मा काढला. "व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. "उजेडात उभ्या आहात माझ्या."

बाई बाजूला झाल्या. कुंड्यांच्या रांगेत एकेचाळीसची तुसं उघडू लागली होती.