नवारीच्या झोळीतला तंबोरा

घशाच्या दुखण्यात बाबांचा आवाज गेला आणि पाठोपाठ त्यांनी आपला तंबोरा विकायचं ठरवलं. आईला वाटलं, वैतागून बोलताहेत. पण वैतागून बोलणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. नाचणगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि घरी रोज पहाटे तंबोरा घेऊन गायले. कधी मैफल केली नाही, कोणी आग्रह केला तरी हसून टाळलं. आता गाणं सोडाच, त्यांचं बोलणंसुद्धा जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

तंबोरा घेणारी होती मार्ताबाई. ही मूळची स्वित्झर्लंडची परिचारिका. सेलूजवळच्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात ती काही वर्षं होती आणि रविवारी पुलगावला उतरून बाबांकडे गाणं शिकायला यायची. मायदेशी परतल्यावर तिने लिहिलं, मिरजेहून चांगला तंबोरा मागवून मला पाठवाल का, किंमत कळवा. बाबांनी उलट टपाली कळवलं, माझा मिरजेचाच आहे आणि वाजून मुरलेला आहे, तोच घे.

मी तेव्हा वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. दसऱ्याला घरी आले ती रजा काढूनच. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बाबांना तपासून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की येता उन्हाळा बाबा पाहतील असं वाटत नाही. बाबांनी डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. तिथून घरी येताना गाडीत मला म्हणाले, "शरयू, तंबोरा धड पोचला एवढं मला कळायला हवं. मग बाकीचं पाहू."



सुताराकडून लांब पेटी करून आणली, तेव्हा रूपराव डोक्यावर रुईचं बोचकं घेऊन आले. रूपराव बाबांचे लहानपणचे सोबती. शेती करायचे, आणि बाबांना वर्गातल्या पोरांसारखं "मास्तर" म्हणायचे.

"घे मास्तर. जिनातून आणली, सरकीचा दाणा नाई यात. पेटीत अशी ठासून भरू का तुहा तंबोरा राजावानी निजत जाईन."

"आधी भोपळा निजव," बाबा कुजबुजले.

"कोनता भोपळा?"

"तुझा. पोहायचा."

रूपरावांच्या घरी आढ्याला एक सुका भोपळा टांगलेला असे. पोरांना पोहायला शिकवताना तो पाठीला बांधत. तंबोऱ्याचा जीव त्याच्या भोपळ्यात असतो. दांडी सहसा दगा देत नाही, पण भोपळ्याला तडा गेला की वाद्य संपलंच. म्हणून बाबांना आधी दुसऱ्या भोपळ्यावर परीक्षा घ्यायची होती.

"मास्तर, त्या भोपळ्यावर माहा बाप पोहाले शिकला, मी शिकलो—"

"मग आता तोही थोडा प्रवास करू दे."

भोपळा रुईत दडपला, पेटीला खिळे ठोकले आणि पेटी रूपरावांच्या बंडीत चढवली. बंडी देवळीपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून नेऊन परत आणायची, असं ठरलं. रूपराव बैलांना शिव्या देत गेले आणि शिव्या देतच परतले. पेटी उघडली. धक्क्यांनी रुई खाली बसली होती, वर हातभर पोकळी झाली होती, आणि भोपळा फळीवर आपटून आडवा चिरला होता.

रूपरावांनी त्या भेगेवरून बोट फिरवलं. "कापसानं दगा देल्ला," ते म्हणाले. "कापसाच्या मुलखात राहून कापसानं दगा देल्ला, मास्तर!"

"कापसाची काय चूक? त्याला दाबलं की तो दबणारच." बाबांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. त्यांना हवं होतं ते कळलं होतं.

दोन दिवस ते खाटेवर पडून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि खाटेची नवार उसवायला सांगितली. चार बोटं रुंदीच्या त्या जाड सुती पट्ट्यांवर ते कितीतरी वर्षं झोपत आले होते. त्यांचं म्हणणं असं की तंबोऱ्याच्या खाली काही भरायचंच नाही. त्याला पेटीत पट्ट्यांनी चहूकडून टांगायचं, झोळीतल्या मुलासारखं, म्हणजे पेटी कशीही आदळली तरी तो आत झुलेल आणि फळीला लागणार नाही.

"अन् तुमी कशावर निजान?" आईने विचारलं.

"सतरंजीवर."

"या दुखण्यात? जमिनीवर?"

"अगं, तंबोऱ्याला आगबोटीतून जायचं आहे. मला कुठं जायचं आहे?"

 मग आई खाली बसली आणि तिने स्वतःच खाटेच्या पायथ्याची गाठ सोडली.

या वेळी परीक्षेला आमच्या घरचा पाण्याचा माठ होता. "हा फुटला तं वहिनी मलेच फोडतीन," असं म्हणत रूपरावांनी तो झोळीत बसवला. देवळीहून बंडी परत आली. पेटी उघडली तर माठ धड! रूपरावांनी पागोटं काढून कपाळ पुसलं. बाबांनी मात्र सतरंजीवरून त्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता पेटी बंडीवरून खाली टाक."

"टाकू?"

"उलटी."

"मास्तर, तुहं डोकं—"

"रेल्वेचा हमाल तुझ्यासारखा देवमाणूस असेल काय?"

रूपरावांनी डोळे मिटून पेटी ढकलली. आवाज असा झाला की शेजारच्या सुलोचनाबाई पीठ माखलेल्या हातांनी धावत आल्या. माठ शाबूत होता. आईने त्याला दोन्ही हातांनी उचललं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि जागेवर नेऊन ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माठ दाखवायची.

शेवटी बाबांनी तंबोरा मांडीवर घेतला. तारा उतरवायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. तारा ताणलेल्या ठेवून पाठवलं तर समुद्राच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि तो ताण दांडीला सोसत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांनी एकेक खुंटी हळूहळू सैल केली, तारांखालची घोडी काढून वेगळी गुंडाळली, जुन्या धोतराचे पदर भोपळ्याभोवती लपेटले. मध्ये दम लागला की थांबत. मी पाहत होते. त्यांच्या तोंडावर दुःख शोधत होते म्हटलं तरी चालेल. पण तिथे फक्त लक्ष होतं, नकाशावर नदीची रेघ ओढताना असायचं तसं.

पेटी पुलगावहून मुंबईला गेली. तिथल्या एजंटाने ती जिनोआ बंदराला जाणाऱ्या आगबोटीत चढवल्याचं कळवलं, आणि त्याच सुमारास सुवेझला लढाई पेटली. कालवा बंद झाला. दुपारच्या गाडीने येणारं वर्तमानपत्र मी बाबांपासून लपवावं की नाही, या विचारात होते. तेवढ्यात रूपरावच दारातून ओरडले, "मास्तर, कालवा बुजला म्हनतेत! आपला तंबोरा परत येऊन राह्यला का काय?"

बाबांनी मला फळीवरचा शाळेचा नकाशासंग्रह काढायला लावला. मुंबईवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू आफ्रिकेच्या कडेने खाली नेत गेले. "परत कशाला येईल? केपला वळसा घालेल." मग जरा दम घेऊन म्हणाले, "मी आयुष्यभर हा रस्ता पोरांना नुसता शिकवला. तंबोरा तो पाहील."

त्यानंतर रूपराव रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "आज कुठी हाय?" बाबा बोट दाखवायचे. एकदा म्हणाले, मादागास्करच्या खाली.

"तिथं चोर हायेत काय?"

"चोरांना ती पेटी उघडता येणार नाही. खिळे तू ठोकलेत."

डिसेंबर संपला. बाबांना पाणी गिळणंही जड जाऊ लागलं. तंबोरा पोचल्याची मार्ताबाईची तार काही येईना. एक दिवस रूपरावांनी मला विहिरीपाशी गाठलं. ते माझ्याकडे न पाहता बोलत होते.

"शरयू बेटा, तूच एक तार कर ना. नागपूरहून. पोचला म्हनून. कोनाले समजते?"

मी त्याच्यावर विचार केला नाही असं नाही. "काका, बाबा तार कुठून सुटली ते आधी वाचतील."

"वाचीनच," ते उसासून म्हणाले. "मास्तर हाय तो."

तार आली ती संक्रांतीनंतर. मार्ताबाईने मोजकंच लिहिलं होतं: तंबोरा पोचला, अखंड आहे, गातो आहे. मी बाबांच्या कानाशी वाकून वाचली. आई पदर तोंडाला लावून उभी होती. रूपराव उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडत होते आणि रडण्याबद्दल स्वतःलाच शिव्या देत होते. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते निवांत झाले.

त्यांनी डोळे उघडले. "पट्ट्या किती सैल झाल्या, विचार."

"बाबा?"

"केपचा वळसा आपण धरला नव्हता. इतका जास्त काळ लटकला तो. खालच्या किती, वरच्या किती, वेगवेगळं विचार."

"आता तरी जीवाले आराम द्या तुमच्या," आई म्हणाली.

"कोणीतरी आणखी पाठवेलच की, कधीतरी. त्याला उपयोगी पडेल."

मी त्यांच्यासमोर बसून पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती केली: सैलपणा बोटं घालून मोज म्हणावं, नजरेने नको.

उत्तर यायच्या आत बाबा गेले. शेवटच्या दिवसांत ते फारसे शुद्धीवर नव्हते, आणि एकदा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पत्राचं विचारलं नाही, पाणी मागितलं.

मार्ताबाईचं पत्र होळीच्या सुमाराला आलं. तिला बातमी कळली नव्हती. तिने मनापासून मोजलं होतं. वरच्या पट्ट्या जशाच्या तशा, भोपळ्याखालच्या दोन मात्र दोन-दोन बोटं उतरलेल्या. आणि म्हणून, तिने लिहिलं होतं, प्रवास आणखी लांबला असता तर कदाचित भोपळा फळीला टेकला असता. सोबत तिने पेनने एक आकृती काढून पाठवली होती.

मी ते पत्र घेऊन ओसरीवर बसले होते. रूपराव आले. मी त्यांना आकृती दाखवली, काय लिहिलंय ते सांगितलं. ते मान तिरपी करून पाहत राहिले.

"मंग खालून दोन पट्ट्या जास्ती लावाले पायजे होत्या," ते म्हणाले.

"दोन नाही, काका. एकच, पण तिरपी. दोन लावल्या तर झुलायला जागा उरणार नाही."

"तिरपी? तिरपी तं सरकून जाईन ना, बेटा!"

"कोपऱ्यात खुंटी मारली तर नाही सरकणार."

"अन् खुंटी भोपळ्याले लागली तं?"

मी पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने पेटीचं चित्र काढलं. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्यावर आपली पट्टी ओढली. मी ती खोडली. आत आईने चूल पेटवली होती. तिने मध्ये एकदा येऊन आम्हा दोघांच्या खांद्यांवरून चित्र पाहिलं, आणि दिवा लावून आमच्याजवळ ठेवला.

"तिरपी नाई चालत," रूपराव म्हणाले.

"चालते," मी म्हटलं. "आपण करून पाहू."