पानावर आडवा हात

जेवताना पुस्तक वाचणाऱ्याला अमृत वाढा नाहीतर उकडलेलं गवत, त्याला सगळं सारखंच, ही शारदाबाईंची जुनी तक्रार. आणि असला माणूस त्यांच्याच पोटी आला होता. त्रिविक्रम डाव्या हातात जाड इंग्रजी पुस्तक धरून उजव्या हातानं भात कालवायचा. त्यात असतं तरी काय, म्हणून एकदा त्यांनी विचारलं.

"हाताखालची माणसं कशी सांभाळावीत ते."

"तुझ्या हाताखाली कोण आहे?"

"अजून कुणी नाही. पुढं होतील."

"तोवर आमटी सांभाळ. निवली."

त्याची कचेरी दंडूत, म्हणजे बेंगळूरच्या साहेबी अंगाला. तिथं साबणाच्या, बिस्किटांच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती लिहीत. बी.ए. झालेला मुलगा साबणाची तारीफ लिहितो, हे चामराजपेटेतल्या शेजारणींना सांगायला शारदाबाईंना जड जाई. "कंपनीत आहे," एवढंच त्या सांगत.

त्यांची स्वतःची शाळा दुसरीतच सुटली होती. पण देवळाच्या उत्सवात पंगतीला तूप वाढायचा मान त्यांचा, सासूकडून आलेला. घरचं लोणी, घरची चूल. कढवताना त्या कुणाला जवळ फिरकू देत नसत. पानावर त्यांच्या हातचं तूप पडल्याशिवाय पहिला घास कुणी उचलत नसे. बाकी कशाचा नाही एवढा त्यांना या मानाचा तोरा होता.

यंदा उत्सवाच्या पहिल्याच दिवशी त्या भांडं आणि पळी घेऊन पंगतीत उतरल्या, आणि पहिल्याच पानाशी गल्लीतल्या कस्तुराबाईंनी भातावर हात आडवा धरला.

"नको अक्का. डॉक्टरांनी बंद केलंय."

सरी, बरं, म्हणून शारदाबाई पुढं सरकल्या. पुढच्या पानावरही हात. त्याच्या पुढं कुणी म्हणालं, "स्वल्पच घाला," आणि ते स्वल्पसुद्धा बोटानं पानाच्या कडेला सारलं. सगळ्या गल्लीला एकाच दिवशी डॉक्टर कसा भेटला? शेवटी कस्तुराबाईंच्या सुनेला राहवलं नाही.

"राग मानू नका अक्का. पण तुम्हीच पेपरात सांगितलंत ना, तुमच्या घरी पहिल्यापासून डब्यातलंच वापरतात म्हणून? फोटो पण आहे. नथ छान दिसते."

घरी येताना भरलेलं भांडं जड झालं होतं. पायरीवर बसून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नरसिंगराव रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. गेल्या आठवड्यात एके दिवशी मात्र पेपर आलाच नाही, असं म्हणाले होते.

"काढा तो न आलेला पेपर."

नरसिंगरावांनी गादीखालून काढला आणि देवघराकडे निघून गेले. अर्धं पान भरून शारदाबाई. नथ, शालू, हातात हेच भांडं. बाजूला वनस्पती तुपाचा डबा. दिवाळीत त्रिविक्रमनं फोटोवाला घरी आणला होता, तेव्हा त्यांना वाटलं होतं, चला, पोराला आईची आठवण झाली. त्या दिवशी त्यांनी त्याला दोन वेळा श्रीखंड वाढलं होतं.

संध्याकाळी तो आला. चेहरा उतरलेला, काखेत पुस्तक. पेपर पाहून उभाच राहिला.

"आई, जाहिरात आहे ती. कुणी खरं मानत नाही."

"मग कस्तुराबाईनं पानावर हात का धरला?"

तो खाली बसला. "साहेबांना घरातला चेहरा पाहिजे होता. मद्रासहून दोन बायका आणल्या, पण त्यांच्यावर विश्वास बसेना. मी तुझा फोटो दाखवला. साहेब बघतच राहिले. म्हणाले, ही बाई सांगेल ते गिऱ्हाईक घेईल." काखेतलं पुस्तक खाली ठेवून तो म्हणाला, "पुढल्या महिन्यापासून माझ्या हाताखाली चार माणसं देणार आहेत."

शारदाबाईंच्या पोटऱ्या ठणकत होत्या. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो आज पंगतीतच संपला होता. मुलगाही दमलेला दिसत होता, बापासारखे खांदे पाडून बसला होता, तेही त्यांना दिसत होतं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा त्या डब्याचा जन्म तरी झाला होता का रे?"

"नव्हता."

"मग पहिल्यापासून कसं?"

"लिहिताना तसं बरं वाटतं."

"लिहिलं कुणी?"

"मीच."

त्यांनी भांड्यावरचं झाकण नीट बसवलं आणि भांडं त्याच्यापुढं सरकवलं.

"उद्या उत्सवाचा दुसरा दिवस. तूप तू वाढायचंस."

"मी? आई, अख्ख्या पंगतीत? साहेबांच्या कानावर गेलं तर? ती चार माणसं—"

"ऐक. फोटो मागितला असतास तर मी दिला असता, त्या डब्यासाठीसुद्धा. पोराची नोकरी आहे, म्हटलं असतं. पण मी बोललेच नाही ते तू माझ्या तोंडात घातलंस, आणि लोकांनी माझं तोंड बघून ते खरं मानलं. उद्या ज्या पानावर हात आडवा येईल तिथं थांबायचं आणि म्हणायचं, हे आई बोलली नाही, मी लिहिलंय. प्रत्येक पानाशी म्हणायचं. मग तुझ्या हाताखाली चार येवोत नाहीतर चाळीस. आणि ते पुस्तक घरी ठेवून ये, दोन्ही हात लागतील."