आजची बॅच लागलीय

कारेगावात मिठाईला गोड वास देणारी पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत हौशीराम वीस वर्षं वास घेत आलेला. लॅबमधलं त्याचं कामच ते. पांढऱ्या कागदावर पावडर पसरायची, रंग बघायचा, खडे हायत का बघायचे. मग ती पाण्यात विरघळवून कागदाची पट्टी बुडवायची आन् नाकापुढनं हळू फिरवायची. बाटलीत नाक खुपसतो तो अडाणी.

पण गडी मुलखाचा खोडकर. परवाच त्यानं नव्या साहेबाला सांगितलं, "साहेब, एका ड्रमात बोकड शिरलाय बघा, वास येतोय." साहेबानं चौदा ड्रम उघडले.

त्यामुळं आज तो म्हणाला, "ही बॅच लागलीय," तर कुणी मान वर केली न्हाई.

"काय लागलीय? गाडी?" तपासणीच्या मशीनवरची शाहिस्ता म्हणाली. "ती सकाळीच लागलीय, मामा. अकबरभाई ड्रम चढवतायत."

"गाडी न्हाई गं, पावडर! दूध बुडाला लागतं तशी."

"मशीन पास म्हणतंय. रंग पांढरा, तुम्हीच लिहिलंय."

"रंग पांढराच हाय. वास बघ."

"मागं बघितला होता. त्या उग्र वासानं दोन दिवस जेवले नव्हते मी."

हौशीराम हसला, पण हातातली पट्टी सोडली न्हाई. आज हा माल गेला, तर उद्यापासनं हे नाक नुसतं चष्मा ठेवायला.

"माझी परीक्षा घे. चार पट्ट्या जुन्या चांगल्या बॅचच्या, एक आजची. मी डोळं झाकतो. चुकलो तर मी करतो ती थट्टा कायमची बंद."

"कायमची?" शाहिस्ता खुर्चीतनं उठलीच.

पहिली पट्टी आली आन् कारेगाव विरघळून गेलं. राहू गावचं गुऱ्हाळ. सायीसारखं ऊन. काहिलीत रस रटरटतोय, काकवीची गोड वाफ शालीगत अंगावर येतीय. वाफेत त्याचे वडील आप्पा उभे, पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे. हातात घड्याळ न्हाई, नुसतं नाक वर.

"चांगली," हौशीराम पुटपुटला. दुसरी चांगली. तिसरी. वाफ त्याला उचलून उसाच्या शेंड्यांवरनं नदीकडं नेत होती, त्यालाही घाई नव्हती.

चौथ्या पट्टीला आप्पांची मान वळली.

"ही," हौशीराम म्हणाला. "ढवळणाऱ्याचा हात थांबला व्हता. लई न्हाई, तंबाखू मळण्यापुरता."

शाहिस्तानं पट्टीमागचा नंबर बघितला. आजच्याच बॅचचा. मग प्लँटला फोन लावला. "ढवळणी बंद पडली होती? किती मिनिटं? आणि लिहिलं का नाही?"

खिडकी उघडून तिनं हाक मारली, "अकबरभाई, माल खाली घ्या!"

"या हौशाच्या नाकाला मिरची लावा कुणीतरी!" खालनं आवाज आला.

शाहिस्तानं ती पट्टी स्वतःच्या नाकापुढनं हळू फिरवली. एकदा. परत एकदा. तिचे डोळे मिटले.

"अम्मीचा शीरखुर्मा एकदा असाच लागला होता," ती म्हणाली. "तरी सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला."

हौशीरामच्या जिभेवर टोमणा आलेला. त्यानं तो गिळला आन् बाहेर जाऊन दार हळूच लोटून घेतलं.